इन लू ऑफ नळ

पाण्याला तिसरा मजला चढायचा कंटाळा येऊ लागला, तेव्हा आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी पाणीखात्याला पत्र लिहायचं ठरवलं आणि ते माझ्याकडे आले. इथपर्यंत कोणाचीच काही चूक नव्हती.

"पत्र इंग्रजीतून हवं," सेक्रेटरी म्हणाले.

"इंग्रजीतून कशाला? खात्यातली माणसं आपल्याच भाषेत बोलतात की."

"म्हणूनच. मराठी पत्र खिडकीवरच्या माणसाला समजतं. समजलं की तो त्यावर स्वतःचं डोकं चालवतो. इंग्रजी पत्राच्या वाटेला तो जात नाही, मुकाट वर पाठवतो. आपल्याला पत्र वर जायला हवंय."

जसं पाणी, तसं पत्र. मी लगेच हो म्हटलं. शिवाय मला बरंही वाटलं होतं, ते का लपवू? मी एका औषध कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात आहे आणि रोज सकाळी गॅलरीत बसून इंग्रजी वर्तमानपत्र वाचतो, एवढ्यावर इमारतीत माझ्या इंग्रजीचा दबदबा आहे. ते वर्तमानपत्र मी शब्दकोड्यासाठी घेतो आणि ते कोडं मला सुटत नाही, ही गोष्ट फक्त बायकोला ठाऊक आहे. ती सोशिक बाई आहे. कोणाला सांगत नाही.

रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये मसुद्याची बैठक भरली. सेक्रेटरी, मी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाई. बाई म्हणजे शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाई. निम्मी इमारत त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे त्यांना दुसरं नाव कोणी ठेवलं नाही. सेक्रेटरीही त्यांचेच विद्यार्थी. टक्कल पडलं, नातवंडं झाली, तरी बाई त्यांना 'अरे' म्हणतात आणि बाईंसमोर ते अजूनही खुर्चीच्या कडेवर बसतात.

"सुरुवात जोरदार करा," सेक्रेटरी मला म्हणाले. "'इट इज हाय टाइम' लिहा. आता फार झालं, खात्यानं काहीतरी करायलाच हवं, अशा अर्थाचं."

मी लिहिलं. बाईंनी कागद ओढून घेतला, चष्मा पुसला आणि वाचला.

"हाय टाइमच्या पुढे क्रियापद भूतकाळी येतं," त्या म्हणाल्या. "'यू टेक ॲक्शन' नाही. 'यू टुक ॲक्शन'."

"पण बाई, पाणी आत्ता येत नाहीये," सेक्रेटरी म्हणाले. "टुक लिहिलं तर खात्यानं कारवाई करून टाकली असा अर्थ होईल. ते म्हणतील, झालीच आहे तर मग पत्र कशाला?"

"अर्थ होत नाही. इंग्रजीत असंच आहे."

"बाई, खातं म्हणेल..."

"खात्याला व्याकरण येत नसेल तर तो खात्याचा प्रश्न. मी चुकीच्या वाक्याला मान डोलावणार नाही. तुला नववीतही हेच सांगितलं होतं."

सेक्रेटरी माझ्याकडे बघू लागले. मी अशा वेळी पंखा फार जोरात आहे का ते बघतो. शेवटी ते वाक्यच गाळावं असं मी सुचवलं, म्हणजे भूतकाळही नको आणि वर्तमानही नको. दोघांचं समाधान होईल असा माझा समज होता. बाई उठल्या. "चुकीची दुरुस्ती करायची सोडून वाक्य पुसून टाकणारी मुलं मी पुष्कळ पाहिली," असं म्हणून त्या चहा न घेता खाली गेल्या. बायकोनं त्यांचा कप माझ्यासमोर ठेवला आणि डोळ्यांनीच म्हणाली, घ्या, आता दोन प्या.

बाई गेल्या तिथेच खरं तर बैठक संपवायला हवी होती. पण मास्तरांची पाठ वळली की मागच्या बाकावर जसा उत्साह संचारतो, तसा आम्हा दोघांत संचारला. पत्राचा मुख्य मजकूर असा होता: आमची कमी दाबाची नळजोडणी लक्षात घेऊन टँकर पाठवावा. 'लक्षात घेऊन' याला मी साधं 'इन व्ह्यू ऑफ' लिहिलं होतं. सेक्रेटरींना ते हलकं वाटलं.

"व्ह्यू म्हणजे देखावा ना? गच्चीवरून दिसतो तो? काहीतरी वजनदार घाला. आमच्या साडूच्या वकिलाच्या पत्रात काय असतं ते... लू. इन लू ऑफ."

'इन लू ऑफ' मी वाचलेलं होतं. कुठे, कशाला, ते आठवत नव्हतं, पण दिसायला ते फार घरंदाज दिसतं. लिहायची चार अक्षरं आणि उच्चार एकाचाच, म्हणजे उरलेली तीन नुसती मानाची. मला वाटलं, व्ह्यूचाच हा मोठा भाऊ असणार. शब्दकोश पलीकडच्या खोलीत कपाटावर होता. कपाटावर चढायला स्टूल लागतं, स्टुलावर इस्त्रीचे कपडे होते. माणसाचं अधःपतन अशाच बारीक कारणांनी होत असतं. मी व्ह्यू खोडून लू केलं, खाली 'ॲट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनियन्स' जोडलं, सेक्रेटरींनी सही ठोकली आणि पत्र खात्यात गेलं.

आणि कधी नव्हे ते खात्यानं ऐकलं.

आठवडाही झाला नसेल, तोच दारात टँकर उभा. सगळी इमारत गॅलऱ्यांत आली. पाणीखात्याकडून एवढ्या तडकाफडकी काही होण्याची कोणाला सवय नव्हती. तळमजल्यावरच्या काकू मला म्हणाल्या, "तुमच्या हातात काहीतरी आहे हो." मी विनयानं हात मागे घेतले. टँकरपाठोपाठ खात्याची दोन माणसं पहार आणि पाने घेऊन आली आणि फाटकाबाहेर खणू लागली. दाब वाढवायला आलेत, असं सेक्रेटरींनी सर्वांना सांगितलं. मी उत्साहानं त्यांना चहा नेऊन दिला. इतकंच नाही, व्हॉल्व्हची चक्ती गंजून अडकली होती ती फिरवायला त्यांना घरातून खोबरेल तेलही आणून दिलं. त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला, वर शिशाचं सील मारलं, आभार मानले आणि गेले.

संध्याकाळी नळ सोडला, तर आतून नुसता सुस्कारा आला. पाणी नाही.

आमच्याकडे साठवणीची टाकी नाही, पाणी थेट नळाला येतं. त्यामुळे टँकर म्हणजे खाली उतरून बादल्या भरणं आणि जिन्यानं वर नेणं. टँकर यायचा त्याच्या सोयीनं. कधी आम्ही ऑफिसला निघताना, कधी नेमके ताटावर बसलो असताना. टाय घातलेले, साबण लावलेले, अर्धी दाढी झालेले लोक बादल्या घेऊन रांगेत उभे राहू लागले. पूर्वी तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं, आता पाणी घेऊन आम्हीच चढत होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, फक्त ते मीच केलंय हे अजून उघड व्हायचं होतं.

ते बाईंनी केलं. सेक्रेटरींकडची पत्राची प्रत त्यांनी मागवून घेतली, आणि मग मला बोलावणं आलं. मी गेलो तेव्हा त्या टेबलाशी बसल्या होत्या. पत्रावर लाल शाईनं एकच गोल होता.

"लू म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

मी उभा होतो. बसायला त्यांनी सांगितलं नव्हतं.

"लक्षात घेऊन," मी म्हणालो.

"लू म्हणजे जागा. फ्रेंचमधून आलंय. इन लू ऑफ म्हणजे त्याच्या जागी, त्याच्या बदल्यात. तुम्ही लिहिलंय, आमच्या नळजोडणीच्या बदल्यात टँकर द्या." त्यांनी चष्मा काढला. "त्यांनी नळ काढून घेतला आणि टँकर दिला. इतकं अचूक आज्ञापालन माझ्या वर्गातही कोणी केलं नाही."

त्या हसल्या नाहीत, हे मी त्यांचे उपकार समजतो. बाकीची इमारत तेवढी उदार नव्हती. दुसऱ्या दिवशी रांगेत कोणीतरी म्हणालं, "आज आंघोळीच्या लू फक्त तोंड धुतलं." पुढचा म्हणाला, "आमच्याकडे चहाच्या लू उपदेश देतात." ज्यांना बारा वर्षं शाळेत घालून इंग्रजी आलं नव्हतं, त्या सगळ्यांना हा वाक्प्रचार एका बादलीत आला. काकूंनी माझ्या हातातलं ते काहीतरी परत घेतलं. सेक्रेटरी तर घर फिरलं की वासे फिरतात त्या चालीनं म्हणाले, "सही माझी आहे, मजकूर यांचा." ही सूचना कोणाच्या साडूकडून आली होती ते मी बोललो नाही. बोललो असतो, पण बादली वाहून दम लागला होता.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, जाऊ दे. तुम्ही चुकून 'लाइट'चं पत्र लिहिलं असतं तर आज अंधारात बादल्या वाहाव्या लागल्या असत्या." तिच्या सांत्वनाची अशी पद्धत आहे. मला ती आवडते.

मी अर्धी रजा टाकून पाणीखात्यात गेलो. खिडकीवरच्या कारकुनानं आमची फाइल लगेच काढली.

"जोडणी तुम्ही स्वेच्छेनं परत केलीय."

"परत नाही केली हो. भाषेची चूक झाली."

"चूक कोणाची?"

"आमची."

"मग खातं काय करणार? आमच्याकडे गळतीचा विभाग आहे, मीटरचा आहे, भाषेचा नाही." त्याला माझी दया आली असावी, कारण त्यानं आवाज खाली आणला. "असं करा, मागचं पत्र मागे घेतो म्हणून लेखी द्या. इंग्रजीतच द्या. मूळ पत्र इंग्रजीत आहे, नाहीतर दोन्ही कागद एकमेकांना लागू पडणार नाहीत."

या वेळी धोका पत्करायचा नाही असं ठरवून मी सरळ बाईंकडे गेलो. त्यांनी चहा सांगितला, म्हणजे मला माफी मिळाली होती. दोन संध्याकाळी बसून आम्ही पत्र केलं. बाईंनी प्रत्येक शब्द शब्दकोशात बघितला, माहीत असलेलासुद्धा. 'टँकरची आमची मागणी आम्ही तात्काळ मागे घेत आहोत' यासाठी त्यांनी 'विथ इमिजिएट इफेक्ट' हे शब्द घातले, आणि पुढच्या परिच्छेदात, नळजोडणी पूर्ववत करण्याचा विचार व्हावा अशी नम्र विनंती केली. पत्र निर्दोष होतं. स्वल्पविरामसुद्धा जिथल्या तिथे, शिस्तीत बसलेले. बाई म्हणाल्या, "हे पत्र कोणत्याही परीक्षेत ठेवा."

खात्यानं ते परीक्षेसारखंच वाचलं. टँकरची मागणी तात्काळ मागे घेतली होती, म्हणून टँकर तात्काळ बंद झाला. नळाचा 'विचार व्हावा' असं म्हटलं होतं, म्हणून विचार सुरू झाला.

तेलही गेलं, तूपही गेलं. शेजारच्या इमारतीनं माणुसकी म्हणून बागेचा नळ वापरू दिला. आता तिथे जाऊन, त्यांच्या कुत्र्याची समजूत काढून, पाणी आणायचं. रांगेत विनोद बंद पडले होते, आणि विनोद बरे होते असं मला वाटू लागलं. पण मला खरं वाईट वाटलं ते बाईंचं. त्या दोन दिवस खाली आल्या नाहीत. बायको त्यांचं पाणी पोचवायला गेली, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझं एकही वाक्य चुकलं नव्हतं गं." बायकोनं येऊन मला सांगितलं आणि म्हणाली, "तुमची चूक झाली तेव्हा तुम्ही एवढे खचला नव्हता. त्या बरोबर असून खचल्यात. त्यांना घेऊन जा खात्याच्या साहेबांकडे. कागद नका नेऊ. तोंड न्या."

म्हणून आम्ही दोघं साहेबांना भेटायला गेलो. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. समोर भिंतीवर इंग्रजीत एक पाटी होती, तिच्यात एक अक्षर कमी होतं. मी बाईंच्या हातावर लक्ष ठेवून होतो, कारण पर्समधलं लाल पेन त्या चाचपत होत्या.

साहेब निवृत्तीला आलेले, कडक इस्त्रीचे गृहस्थ. टेबलावर आमची फाइल उघडी होती. माझ्या पहिल्या पत्रातल्या 'इन लू ऑफ'खाली त्यांनी शिसपेन्सिलीनं हलकी रेघ मारली होती, चुकीखाली मारतात तशी नाही, आवडलेल्या ओळीखाली मारतात तशी.

"हे तुम्ही लिहिलंत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी या खात्यात उभा जन्म काढला. हा शब्दप्रयोग माझ्याकडे पुष्कळ पत्रांत येतो, आणि प्रत्येकजण तो चुकीचा वापरतो. त्यांना 'लक्षात घेऊन' म्हणायचं असतं. तुमचं पत्र वाचलं आणि म्हटलं, अरे, आला कोणीतरी. नळाच्या बदल्यात टँकर. मागणी विचित्र आहे, पण इंग्रजी चोख आहे. मी त्याच दिवशी मंजूर केलं."

पाणीखात्याच्या तत्परतेचं रहस्य असं होतं. मी बाईंकडे बघितलं. बाई भिंतीकडे बघत होत्या. त्या क्षणी मी गप्प बसलो असतो तर एका माणसाच्या मनात तरी माझं इंग्रजी अजरामर झालं असतं. पण तिसऱ्या मजल्यावर बायको रिकाम्या कळशीपाशी बसली होती.

"साहेब," मी म्हणालो, "मलाही 'लक्षात घेऊन'च म्हणायचं होतं."

साहेब खुर्चीत मागे टेकले. त्यांनी ती पेन्सिलीची रेघ रबरानं सावकाश खोडली. ते बघताना मला जेवढं लाजिरवाणं वाटलं, तेवढं अख्ख्या रांगेनं मिळून वाटायला लावलं नव्हतं.

"आणि दुसरं पत्र?"

"ते माझं," बाई म्हणाल्या. "त्यात चूक नाही."

"नाही. म्हणूनच तर टँकर थांबवावा लागला."

साहेबांनी आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं, मग उठून दार लावून घेतलं. मला वाटलं, आता दंड. त्यांनी खिशातून फोन काढला आणि टेबलावर ठेवला.

"तुम्ही इंग्रजी शिकवायचात?" त्यांनी बाईंना विचारलं.

"जन्मभर."

"आणि तुम्ही चुकलं की चुकलं म्हणता," ते मला म्हणाले. "या खुर्चीसमोर असं म्हणणारं कोणी येत नाही. तेव्हा तुम्हा दोघांना एक विचारू का? खात्याचं नाही. घरचं आहे."

घरचं असं होतं. साहेबांचा मुलगा परदेशात असतो. त्यानं तिथल्याच एका मुलीशी लग्न केलं. मुलीला आपली भाषा येत नाही, साहेबांना तिची येते ती पाणीखात्यातली. लग्न ठरलं तेव्हा मुलगा म्हणाला होता, बाबा, तिला दोन ओळी लिहा, बरं वाटेल. साहेबांनी लिहिलं होतं: 'आय हॅव नो ऑब्जेक्शन टु द प्रपोज्ड मॅरेज.'

"या नियोजित विवाहास माझी हरकत नाही," बाईंनी हळूच मराठी केलं.

"यापेक्षा वर काय लिहितात?" साहेब म्हणाले. "या कचेरीत लोक 'नो ऑब्जेक्शन'साठी वर्ष वर्ष खेपा घालतात. मिळालं की डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. मी हात आखडता घेतला नव्हता हो. माझ्यापाशी होतं ते सगळ्यात मोठं दिलं." ते थांबले. "तिला वाटलं, मी तिला जेमतेम चालवून घेतोय. माझ्याशी फोनवर येत नाही ती. तिची सासू असती तर तिनं हातवारे करून सगळं निभावलं असतं. आता दोघं कामासाठी इथे येतायत, आणि मुलगा म्हणतो, हॉटेलात उतरू, तिला अवघडल्यासारखं होईल."

फोनवर त्यांनी नवा मसुदा करून ठेवला होता. मी वाचला. 'आपल्या नियोजित आगमनाच्या संदर्भात कळविण्यात येते, की पूर्वेकडील खोली उपलब्ध करून देण्यात आली असून, आपण तिचा ताबा घ्यावा, ही विनंती.' हे सगळं उत्तम खात्याच्या इंग्रजीत. मी एरवी हसलो असतो. पण माझ्याही कंपनीतली पत्रं अशीच असतात, आणि मी मनाशी शोधून बघितलं, तर याहून मायेचं इंग्रजी मलाही सुचेना. 'आशीर्वाद'ला मला 'विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स' एवढंच आठवलं, तेही डायरीवर छापतात म्हणून.

"'मेक युअरसेल्फ ॲट होम' लिहूया का?" मी सुचवलं. "घर आपलंच समज."

"ते पाहुण्यांना म्हणतात," बाई म्हणाल्या. "जिचं घर नाही तिलाच म्हणतात, घर आपलंच समज. सुनेला कसं म्हणाल?"

"'वॉर्म वेलकम'?" साहेब म्हणाले.

"ते मंत्र्यांना."

"'कॉर्डियली इन्व्हाइटेड'?"

"ते दुकानाच्या उद्‌घाटनाला."

बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं आणि परत ठेवलं. मग वर्गातल्या आवाजात नाही, अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "ती आत्ता दारात उभी असती, आणि तिला आपली भाषा येत असती, तर काय म्हणाला असतात?"

साहेबांनी टेबलावरची फाइल सरळ केली. सरळच होती. "काय म्हणणार? ये गं, म्हणालो असतो. कधीची वाट बघतोय."

"मग तेवढंच लिहा."

"एवढंच? संदर्भ नाही, मायना नाही?"

"एवढंच."

बाईंनी सांगितलं तसं साहेबांनी एका बोटानं टिपलं. कम. आय हॅव बीन वेटिंग फॉर यू. प्रत्येक शब्दानंतर ते वर बघत होते, आणि बाई मान हलवत होत्या. पाठवायच्या बटणावर त्यांचं बोट बराच वेळ अधांतरी होतं. ते म्हणाले, "फार उघडं वाटतं हो." मी म्हणालो, "साहेब, झाकून लिहिल्यामुळे काय होतं ते आमच्या इमारतीला विचारा." तेव्हा त्यांनी ते पाठवलं.

मग ते एकदम आमच्या फाइलकडे वळले, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. एक कोरा कागद घेतला आणि त्यावर शेरा लिहिला: 'टँकरच्या बदल्यात नळजोडणी देण्यात यावी.' बदल्यात याला इंग्रजीत जे लिहितात तेच लिहिलं. कागद बाईंकडे सरकवला. बाईंनी वाचला आणि खाली लहानशी, लाल, बरोबरची खूण केली. सरकारी कागदावर खूण करू नये हे त्यांच्या लक्षात यायच्या आत झाली ती. साहेबांनी चालवून घेतली.

दुसऱ्याच दिवशी तीच दोन माणसं पाने घेऊन आली, सील तोडलं आणि पाणी सुरू झालं. पहिल्याइतकंच, म्हणजे तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दमलेलं. पण त्या करंगळीएवढ्या धारेचं आम्ही असं कौतुक केलं की धबधब्यांनी हेवा करावा. दाबाबद्दल पत्र लिहावं अशी सूचना पुढे कोणी केली नाही. एकदा सेक्रेटरींनी तोंड उघडलं होतं, पण जिन्यातल्या सगळ्यांनी त्यांच्याकडे एकाच वेळी बघितलं आणि त्यांनी ती जांभई आहे असं दाखवलं.

साहेबांचा फोन आला तो मी ऑफिसात असताना. "उत्तर आलंय," ते म्हणाले. "एकच शब्द आहे. कमिंग. खाली जावक क्रमांकसुद्धा नाही." मग थोडं थांबून, "दोनदा वाचलं मी." मला खात्री आहे, दोनदा नाही, पुष्कळदा वाचलं असणार.

आणि मग एका संध्याकाळी ते आमच्या फाटकाशी दिसले. कागदाशिवाय, पत्राशिवाय, आपण होऊन. सोबत त्यांची सून, उंच, हसरी. सासऱ्यांचं काम बघायचं म्हणून आलेली. साहेबांनी कडक इस्त्रीच्या बाह्या दुमडल्या आणि कोपऱ्यावरच्या मुख्य व्हॉल्व्हपाशी उकिडवे बसले. तो म्हणे कितीतरी वर्षं अर्धाच उघडलेला होता, आणि तो बघायला खात्यातलं कोणीच आजवर आलं नव्हतं, कारण तशी विनंती कोणी शुद्ध किंवा अशुद्ध, कोणत्याच भाषेत केली नव्हती. त्यांना तो एकट्यानं फिरेना. मग मी लागलो, मग सेक्रेटरी लागले, आणि तो कुरकुरत फिरला. वरून बायकोनं गॅलरीतून हाक मारली, "अहो, बादली भरून वाहतेय." हे वाक्य आमच्या घरात पूर्वी तक्रार म्हणून उच्चारलं जायचं.

सून तोवर बाईंच्या घरी जाऊन बसली होती. आम्ही हात धुऊन वर गेलो तेव्हा बाईंच्या समोर ती ताठ बसली होती, बाईंसमोर सगळेच बसतात तशी. नवऱ्याकडून थोडं थोडं मराठी शिकलेय, असं तिनं बाईंना सांगितलं होतं, आणि बाई तिला विचारत होत्या, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, "घर कसं वाटलं तुला?"

तिनं डोळे मिटून शब्द जुळवले. साहेब दारातच थबकले.

"घर चांगली आहे," ती म्हणाली. मग साहेबांकडे बोट करून, अगदी ठामपणे, "सासरे पण खूप चांगली आहे."

मी बाईंकडे बघितलं. सेक्रेटरींनी तर श्वास रोखला होता. भूतकाळासाठी चहा सोडणाऱ्या बाई त्या. त्यांच्या ओठांची हालचाल झाली, हात सवयीनं पर्सच्या दिशेनं गेला आणि तिथे थांबला. साहेब दारात उभे होते, बाह्या चिखलानं भरलेल्या, आणि आपल्या सुनेकडे असे बघत होते की जणू तिनं कुठल्या तरी परीक्षेत पहिला नंबर काढलाय.

बाईंनी हात मागे घेतला आणि तिच्या गुडघ्यावर ठेवला.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "अगदी बरोबर बोललीस."